दुपारचं पीठ

सुवर्णाचं ते वागणं मला आजही पटलेलं नाही. जावई शेजारी बसलेले, दुकानदार समोर उभा, घरातली मोठी म्हणून मी तिथं हजर, आणि माझी सून सरळ म्हणाली, "मोठा नको. हा बारकाच द्या."

बारा वर्षांत तिनं मला आमटीत मीठ कमी आहे असंसुद्धा सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या साडीला गेलो की मी बोट ठेवीन ती घडी काखेत मारून चालायला लागायची. भांडणारी सून मला चालली असती. मी माझ्या सासूशी बावीस वर्षं भांडले, त्यामुळं आम्हा दोघींत लपलेलं असं काही राहिलं नाही. ही मात्र गप्प. गिरणी चालू असली की आवाज करते. आवाज बंद झाला की समजायचं, पट्टा तरी तुटला नाही तर लाईट तरी गेली. गप्प माणसाचं काय समजायचं?

ह्या गोष्टीला दहा वर्षं होऊन गेली. बार्शीत आमची पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. मी तिसरी शिकलेली. माझे मालक वारले तेव्हा नवनाथ, माझा मुलगा, सातवीत होता. तेव्हापासून मीच मोटर चालू केली, दगड झिजून गुळगुळीत झाले की मीच त्यांना टाकी लावली. लोक डबा ठेवून जात नाहीत, उभे राहतात. गिरणीवाली मूठभर पीठ काढते का, ते बघायचं असतं त्यांना. तीस वर्षं अख्ख्या गल्लीनं माझ्या हाताकडं बघितलं. मग मीही लोकांच्या हाताकडं बघायला शिकले.

तर नात मीनल पाचवीत गेली आणि शाळेनं सांगितलं, घरी कॉम्प्युटर पाहिजे. शिवाय लाईटबिलं, गॅसचा नंबर, हे फॉर्म, ते फॉर्म. ह्यातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून मी जावयांना बोलावून घेतलं. दिगंबरराव साखर कारखान्यात कॉम्प्युटरवरच बसतात.

दुकान शेटे नावाच्या तरण्या माणसाचं. त्यानं काचेच्या टेबलावर दोन लॅपटॉप उघडून ठेवले.

"आक्का, दिसायला दोन्ही सारखेच. फरक आहे तो आतल्या प्रोसेसरचा. प्रोसेसर म्हणजे ह्याचा मेंदू."

"मेंदू असू दे. ओढतो किती, तापतो किती, ते सांग."

शेटे जावयांकडं बघायला लागला. दिगंबरराव हसले. "मामी मोटरचं विचारतायत. सांगा त्यांना."

"मग असं बघा," शेटे म्हणाला. "ही दहा हॉर्सपॉवरची मोटर, ही तीनची. मोठी काम पटकन उरकते, पण तापते, म्हणून आत पंखा. बारकी तापतच नाही, म्हणून तिला पंखाच नाही."

"आणि आमच्या घरी दळायचंय काय?"

"मुलीचा अभ्यास, बिलं, फोटो, एखादा व्हिडिओ. तसं म्हटलं तर…" तो थांबला आणि परत जावयांकडं बघितलं.

"तसं म्हटलं तर बारक्यावर भागेल," दिगंबरराव म्हणाले. "पण मामी, आज भागतं म्हणून घ्यायचं नसतं. मीनल मोठी होणार. पाच-सात वर्षं बघायला नको असा घेऊन टाका."

जावयांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच शेटेची मान हलली होती. ती मला खटकली. ह्या दोघांचं आधी काही बोलणं झालंय का, असं मनात आलं. पण जावई म्हणजे जावई. मनात आलं तरी तोंडावर आणता येत नाही.

मी दोन्हींवर हात ठेवून बघितला. पीठ गिरणीतून गरम पडायला लागलं की दगड जास्त आवळलेत हे मला डोळे मिटून कळतं. मोठा लॅपटॉप कोमट होता आणि आतनं घरघर येत होती. बारका गार. कान लावला तरी आवाज नाही.

"हा चालू आहे का?"

"चालूच आहे, आक्का. बॅटरी पण दिवसभर पुरते ह्याची."

खरं सांगायचं तर माझी अक्कल मला सांगत होती, घरच्या दळणाला तीनचीच मोटर बरी. मी बारक्याकडं बोट करणारच होते. तेवढ्यात सुवर्णा बोलली, "मोठा नको. हा बारकाच द्या." आणि पर्समधून चिठ्ठी काढून शेटेच्या हातात दिली. "हाच प्रोसेसर आहे ना? पंखा नसलेला?"

चिठ्ठीवर निळ्या शाईनं त्या बारक्याचं नाव आणि नंबर. चार घड्या, आणि घड्यांवर कागद झिजलेला. म्हणजे ती चिठ्ठी आजची नव्हती. महिनाभर तरी पर्समध्ये हिंडत होती.

माझं बोट तिथंच थांबलं.

मला आठवलं ते दिवाळीच्या आधलं. मी न्हाणीतून बाहेर येत होते आणि सुवर्णा मागल्या दाराशी फोनवर तिच्या पुण्याच्या भावाशी बोलत होती. "आत्यांना आत्ताच कळू देऊ नको, दादा. एकदा जमलं की मीच सांगेन." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. काय जमायचं होतं? पुण्यात भाऊ, पुण्यात नोकऱ्या, पुण्यात खोल्या. आमच्या गल्लीतली चार घरं अशीच गेली. आधी फोन, मग नोकरी, मग म्हातारीला महिन्यातून एकदा व्हिडिओवर नातवंडं दाखवायची. नवनाथ बायकोच्या मागं गेला असता. गिरणीला कुलूप लागलं असतं.

"दिवसभर पुरणारी बॅटरी कशाला गं तुला?" मी विचारलं. "दिवसभर कुठं जायचंय?"

"कुठं नाही, आत्या."

"आणि आवाज न करणारं यंत्र कशाला? कुणाला कळू द्यायचं नाही?"

जावई घड्याळाकडं बघायला लागले.

"शेटे," मी म्हणाले, "मोठा बांधून दे."

सुवर्णानं चिठ्ठी परत घेतली, तशीच चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली. तिनं एवढंच विचारलं, "ह्याचा पंखा हवा कुठनं ओढतो?" शेटेनं लॅपटॉप पालथा करून खालच्या जाळ्या दाखवल्या. तिनं त्या जाळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

पुढं संक्रांतीला माझी छाती पुन्हा भरली, दिवाळीआधी भरली होती तशी. खोकला सुटला तो थांबेना. दवाखान्यात पुन्हा फोटो काढला, गोळ्या दिल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "दुपारी तीन तास पडून राहायचं, आक्का. मुलाला बसवा." मी नवनाथला बसवायला तयार नव्हते. माझा मुलगा देवमाणूस आहे, आणि गिरणीवर देवमाणूस बसवला की गिरणी संपली. कुणी म्हणालं पीठ कमी भरलंय, की हा घरच्या डब्यातलं ओंजळभर घालायचा आणि वर हात जोडायचा. बायका त्याला ओळखून होत्या. मी असताना तोंड उघडत नव्हत्या, तो असला की प्रत्येकीचं पीठ कमी.

पण गोळ्यांनी गुंगी यायची. एक ते चार मी मेल्यासारखी पडायची, गिरणी नवनाथवर सोडून. आणि उठल्यावर ऐकायला यायचं ते वेगळंच.

"आक्का, दुपारचं पीठ मऊ येतंय हो," कोपऱ्यावरची लोहाराची काशी म्हणाली. "भाकरी थापताना चीर जात नाही."

"आणि कमी भरतंय का?"

"नाही बाई. परवा म्हटलं तसं, तर काटा दाखवला. डबा उचलून घरी आले."

काटा दाखवला. माझ्या नवनाथनं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यामुळंच शंका आली. चाळिशी ओलांडलेला माणूस एकदम सुधारतो कसा? त्याला विचारलं तर म्हणाला, "करतो गं जमेल तसं," आणि डबे पोचवायला सायकल घेऊन गेला.

महाशिवरात्र झाल्यावर आठ-दहा दिवसांत लॅपटॉप बसला. आधी नुसता घोंगावायचा, मग चटका बसेल इतका तापायला लागला, मग एकदम काळा. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. मी म्हणाले, शेटेनं फसवलं, त्याची मान तेव्हाच हलली होती. लॅपटॉप पिशवीत घातला, सुवर्णाला बरोबर घेतलं आणि दुकान गाठलं.

शेटेनं बारके स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं आणि बघतच राहिला. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यानं लॅपटॉप उपडा करून टिचकी मारली. पीठ पडलं. चांगली अर्धी वाटी. पंख्याच्या पात्यांवर तर लिंपल्यासारखं बसलं होतं.

"आक्का," तो म्हणाला, "ह्यात दळण टाकलं होतं का?"

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. हिला बारका हवा होता, मी मोठा घेतला. घरात कणकेचा डबा, हातात पळी.

"तू घातलंस," मी म्हणाले.

सुवर्णानं वाकून कागदावरचं पीठ बघितलं.

"तुझ्या मनासारखा मिळाला नाही म्हणून मुद्दाम पीठ घातलंस ह्यात. आता हा गेला की तो तुझा गप्पवाला आणायचा आणि पुण्याचा रस्ता धरायचा. ऐकलंय मी तुझं फोनवरचं."

"नाही, आत्या."

"मग हे काय आभाळातनं पडलं?"

शेटे दोन पावलं मागं सरकला. मी पुरावा म्हणून कागदावरची चिमूट उचलली, तिच्या नाकासमोर धरायला. आणि चिमटीत धरताच ते पीठ निसटलं.

कणीक निसटत नाही. कणीक बोटाला थोडी धरते, तिच्यात कोंडा असतो. मी दुसरी चिमूट घेतली, अंगठ्यानं चोळली. कोंडा नावाला नव्हता. रंग ना पांढरा ना पिवळा, राखेसारखा. जिभेवर ठेवलं. ज्वारी होती. गहू होता. मागनं बाजरीचा कडवटपणा. डब्यातलं पीठ असं तीन धान्यांचं नसतं. हे उडतं पीठ. गिरणी चालू असताना हवेत असतं ते, जे वाशांवर बसतं, दिव्यावर बसतं, माझ्या भुवयांवर बसतं. ते कुणाला गोळा करून कशात घालता येत नाही. ते जिथं हवा जाते तिथं आपलं आपण जातं.

पंख्याच्या कडेला ते पुठ्ठ्यासारखं घट्ट साचलं होतं. मी नखानं टवका काढला. मधोमध एक पांढरा थर. तेवढाच चाखला. भाजलेला साबुदाणा, भगर, राजगिरा.

उपवासाची भाजणी. माझ्या गिरणीत उपवासाचं एकाच दिवशी दळतात, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. आधी गिरणी झाडून पुसून घ्यायची, मगच. आणि त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. एक वाजता आली. मी गोळी घेऊन पडले होते. उठले तोवर गल्लीतली सगळी भाजणी दळून झाली होती.

म्हणजे त्या दुपारी हा लॅपटॉप गिरणीत चालू होता. आणि नवनाथला तो उघडतासुद्धा येत नाही.

"दुपारी गिरणीवर कोण बसतं?" मी विचारलं.

सुवर्णानं पदर खांद्यावर सारखा केला. "मी बसते."

"कधीपासून?"

"तुम्ही पडायला लागलात तेव्हापासून. हे डबे पोचवायला जातात."

"आणि हे यंत्र घेऊन?"

"दळण चालू असताना पंधरा-वीस मिनिटं मोकळी मिळतात. तेवढ्यात लिहीत होते."

"काय लिहीत होतीस?"

मी शेटेला म्हणाले, "पूस ते आणि चालू कर. काय लिहिलंय ते मला बघू दे."

त्यानं ब्रशनं पाती साफ केली, पिचकारीसारख्या यंत्रानं हवा मारली. दुकानभर पिठाचा धूर झाला आणि मला खोकला आला. चांगला पाच मिनिटं आला. "असं असतं बघा, आक्का," तो बिचारा आपल्या यंत्राबद्दलच बोलत होता. "साचत जातं आत. बाहेरून कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो." सुवर्णानं पाणी दिलं. मी ते घेतलं.

लॅपटॉप चालू झाला. सुवर्णानं एक पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. मला वाचायला वेळ लागतो. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

'देशमुख वकील – गहू, बारीक. दिवाळीत लाडवाला रवाळ, न विचारता.'

'काशीबाई लोहार – ज्वारी. दगड आवळून नको, पीठ गरम लागलं की परत आणते.'

'जोशीकाकू – बेसन. आधी हरभऱ्याचंच दळण झालेलं असेल तरच घालायचं.'

'मुलाण्यांची आजी – बाजरी, जाड्या मिठासारखी. कमी भरलं म्हणते, काटा दाखवायचा, वाद घालायचा नाही.'

पानं खाली खाली जात होती. दीडशे घरं. ह्यातलं एक अक्षर मी कधी कुठं लिहिलेलं नव्हतं. ते फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि अधूनमधून, ओरडताना, चिडताना, तोंडातनं सांडलेलं. बारा वर्षं मी समजत होते की ही गप्प बसलीय.

"हे कुणाला विचारून घेतलंस?"

"तुम्ही बोलायचात ते ऐकून."

"आणि भावाला काय लपवायला सांगत होतीस?"

तिनं खाली बघितलं. "तुमच्या छातीचा फोटो, आत्या. दिवाळीच्या आधी एक काढला होता ना, तो दादाला पाठवला होता. त्यानं तिथल्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, ह्यांना पिठात बसू देऊ नका. अजिबात. एक तासही नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"मला गिरणी जमली की सांगणार होते. आधी सांगितलं असतं तर तुम्ही रात्रीपण गिरणी चालवली असती."

हे खरं होतं.

"म्हणून तो बारका पाहिजे होता," ती म्हणाली. "पंखा असला की पीठ ओढणार. आणि मोटर चालू केली की लाईट खाली-वर होते, म्हणून बॅटरीचा."

"मग दुकानात का नाही बोललीस?"

"जावयांच्या समोर काय सांगू? की मला तुमच्या जागेवर बसायचंय?"

शेटे काउंटरवरचे स्क्रू मोजत होता. सात होते, मी पण मोजले. दिगंबररावांचा, शेटेचा, कुणाचाच काही दोष निघाला नाही. त्यांना गिरणी माहीत नव्हती. मला माहीत होती. तीस वर्षं दर शनिवारी मी त्या मोटरच्या पंख्यातलं पीठ काढते, आणि लॅपटॉपचा पंखा समोर दिसत असताना मात्र हिच्यावरच नजर ठेवत बसले. हे मी त्या दोघांना कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

मी बोट पुन्हा पडद्यावर ठेवलं. यादीत सगळ्यात शेवटी एक ओळ राहिली होती.

'आत्या – बाजरी, जाडसर. दात हलायला लागल्यापासून बारीक. सांगत नाहीत. दोनदा दळून ठेवायची.'

मला वाटत होतं बाजरीच ह्या साली चांगली आलीय.

मी शेटेला विचारलं, "तो पंखा नसलेला आहे का अजून?"

"आहे, आक्का."

"बांध. आणि ह्यातलं सगळं त्यात घाल. एक घर राहिलं तर बघ. हा मीनलला राहू दे, मागल्या खोलीत, दार लावून."

घरी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. गिरणीत नवनाथ एका बाईची माफी मागत होता. मी त्याच्या हातातलं माप घेतलं, बाईचा डबा काट्यावर ठेवला, तिला काटा दाखवला, आणि ती गेली. मग माझ्या खुर्चीवरची गादी झटकली. पीठ उडालं, खोकला आला. सुवर्णा उंबऱ्यात उभी होती, नव्या लॅपटॉपची पेटी छातीशी धरून. मी तिला दंडाला धरून आत घेतलं आणि खुर्चीसमोर उभं केलं.

"लबाड आहेस तू," मी म्हणाले. "बारा वर्षं माझ्या घरात राहून माझं डोकं उचललंस आणि मला कळू दिलं नाहीस. माझा नवरा साधा होता, माझा मुलगा साधा आहे, त्यांच्यापैकी एकाच्याही हातात ही गिरणी टिकली नसती. माझ्या दातांचं गल्लीत कुणाला कळलं तर तुझी खैर नाही. बस आता तिथं. ह्या खुर्चीला लबाडच माणूस लागतं."